तारांकित पाठप्रत

मंदा साळवे हिची सहा वर्षं चार महिन्यांची नोकरी मंगळवार, दिनांक २२ मार्च १९९४ रोजी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी नाहीशी झाली.

अशी कोणतीही घटना घडलेली नाही, असा खुलासा कार्यालयाने त्याच दिवशी केला. खुलाशाला जावक क्रमांक आहे, घटनेला नाही. तेव्हा आपणही कागदाचा मान राखू, घटना घडलेली नाही असं धरून चालू, आणि न घडलेली घटना कशी कशी घडली नाही ते क्रमाने पाहू.

भिवंडीत कल्याण रोडवर, एका कापड कारखान्याच्या माडीवर, यंत्रमाग नोंद कार्यालय, विभाग तीन, होतं. विभाग एक आणि दोन कुठे आहेत हे कुणाला माहीत नव्हतं. तीन आहे म्हणजे ते असणारच, असा सर्वांचा विश्वास होता. खाली, मागे आणि दोन्ही बाजूंना लूम चालत. त्यांच्या धडधडीने माडी दिवसभर इतकी थरथरायची की टेबलावर ठेवलेली फाइल संध्याकाळपर्यंत आपोआप शेजारच्या टेबलावर जायची. फाइल पुढे सरकण्याचं त्या कार्यालयातलं तेवढं एकच खात्रीचं साधन होतं.

कार्यालयात तीन संगणक होते आणि ते एका काळ्या तारेने चौथ्या मोठ्या संगणकाला जोडलेले होते. मोठा संगणक अधीक्षक केसरीनाथ तरे यांच्या केबिनमध्ये होता. खरं म्हणजे केबिन संगणकाची होती. गार हवेचं यंत्र संगणकासाठी मंजूर झालं होतं, साहेबांसाठी नव्हे. म्हणून संगणकाला एकटं वाटू नये या हेतूने साहेबांनी आपली खुर्ची तिथे हलवली. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढून आत जायचं असा नियम होता. त्यामुळे आत गेलेल्या माणसाचे हात आपोआप जोडले जात, आणि संगणकाला की साहेबांना, हे विचारण्याचं कुणाला कारण पडत नसे.

मंदा पडघ्याहून एसटीने यायची. हुद्दा: रोजंदारी कर्मचारी. काम: संगणकाचं सगळं. भिवंडी परिसरातल्या एकूण एक यंत्रमागाची नोंद तिने स्वतःच्या बोटांनी यंत्रात घातली होती, आणि त्याबरोबर कार्यालयाची सगळी हजेरीही. संगणकीकरण पूर्ण झाल्याच्या समारंभात जुनी हजेरीपुस्तकं रद्दीत दिली गेली आणि त्या कपाटात हार-तुरे ठेवले. म्हणजे मंदा सन १९८७ पासून रोज कामाला येते ही गोष्ट आता दोघांनाच ठाऊक होती: मंदाला आणि त्या यंत्राला.

मार्चच्या सुरुवातीला ठाण्याहून परिपत्रक आलं. प्रत्येक कार्यालयाने आपल्या संगणकातील माहितीची एक पाठप्रत, म्हणजे बॅकअप, टेपवर घेऊन ३१ मार्चपूर्वी पाठवावी. रोजंदारी कर्मचाऱ्यांना कायम करण्याबाबतचा निर्णय त्या टेपवरील हजेरीवरून घेतला जाईल. टेपवर हजेरी असेल तो कायम. नसेल त्याच्याबाबत परिपत्रक काही म्हणत नव्हतं, कारण टेपवर नसलेल्या माणसाबद्दल काय म्हणणार?

त्या दिवशी घरी गेल्यावर आई, कौसल्याबाई, रोजच्यासारखी चुलीपासूनच ओरडली, "झालीस का गं कायम?" दुसऱ्यांच्या घरी "आलीस का" विचारतात, साळव्यांच्या घरी हे विचारत. सहा वर्षांत पहिल्यांदाच मंदाने "होईन" असं म्हटलं.

अडचण एकच होती. टेप तळहाताएवढी होती आणि यंत्रात जेवढं होतं त्याच्या निम्मंच तिच्यावर मावणार होतं. म्हणजे निवड करायला हवी. यंत्रात गावागावाच्या निर्देशिका होत्या. निर्देशिका म्हणजे कपाटातले खण समजा, प्रत्येकाला छोटं नाव. (ही नावं यंत्रात इंग्रजी अक्षरांत होती. शासकीय कामकाजात मराठीचा वापर व्हावा या धोरणानुसार इथे मराठीत दिली आहेत.) साठ-सत्तर नावं लिहीत बसायला नको म्हणून यंत्राने दोन चिन्हांची सोय केली होती. नावात तारा घातला की त्याच्या जागी काहीही चालतं. प्रश्नचिन्ह घातलं की त्याच्या जागी कुठलंही एक अक्षर चालतं. परिपत्रकात या सोयीच्या इंग्रजी नावाचं, 'वाइल्ड कार्ड'चं, भाषांतर 'रानटी पत्ता' असं केलं होतं, त्यामुळे शेजारच्या एका कार्यालयाने जंगल खात्याकडे पत्ते मागवले, ते असो.

मंदाने हिशेब जुळवला आणि चार ओळींची टिपणी लिहिली:

अंजूर९?
पडघा*
मानकोली
आस्था*

अंजूरचे खण वर्षवार होते, अंजूर९० पासून अंजूर९४ पर्यंत. एका प्रश्नचिन्हात पाचही येत. पडघ्याचे पडघानाका, पडघारोड असे होते. ते ताऱ्यात येत. मानकोलीचा खण एकच, त्याला चिन्ह लागत नव्हतं. आणि आस्थापनेचे दोन: कायम माणसांचा आस्थाकाय आणि रोजंदारीचा आस्थारोज. या शेवटच्या खणात मंदा स्वतः होती. चारही ओळी टेपवर मावून वर बोटभर जागा उरत होती. टिपणीखाली तिने लिहिलं, "वरीलप्रमाणे तारा व प्रश्न यांचा वापर करून पाठप्रत घेण्यास मान्यता असावी," आणि ती हेडक्लार्क रामनाथ भोईर यांच्यापुढे ठेवली.

रामनाथ भोईर यांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकदाच चूक केली होती. विधानसभेत आमदार जो प्रश्न तोंडी उत्तरासाठी विचारतात त्याला तारा लावलेला असतो. त्याला तारांकित प्रश्न म्हणतात, आणि त्याचं उत्तर वेळेत गेलं नाही तर प्रलय होतो. सन एकोणऐंशीमध्ये असं एक उत्तर एक दिवस उशिरा पोचलं आणि भोईर शिक्षेच्या बदलीवर तीन वर्षं मोखाड्याला जाऊन आले. तेव्हापासून त्यांना दिवाळीचा आकाशकंदील पाहिला तरी आधी त्याला किती टोकं आहेत ते मोजावंसं वाटे.

त्यांनी टिपणी वाचली. तारा दिसला. प्रश्न दिसला. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. दोन्ही तिथेच होते.

"साळवेबाई, हे कधी आलं?"

"आलं नाही, भोईरभाऊ. मी लिहिलंय."

"तारा कुणी लावला?"

"मी."

"आणि प्रश्न?"

"तोही मीच."

भोईर खुर्चीतून अर्धे उठले. "तुम्ही आमदार कधी झालात, बाई?"

"अहो, हा तो तारा नव्हे. हा यंत्राचा तारा. तारा म्हणजे काहीही."

"हळू बोला! अधिवेशन चालू आहे."

"म्हणजे ताऱ्याच्या जागी काहीही चालतं."

"चालतं ते आम्हालाही माहीत आहे. पण असं लेखी द्यायचं नसतं."

मंदाने मान्य केलं की ते बरोबर आहे, पण प्रश्नचिन्ह वेगळं आहे, त्याच्या जागी एकच अक्षर येतं, कुठलंही. भोईरांनी विचारलं की ते अक्षर कोण देणार? ती म्हणाली, यंत्र. भोईरांनी विचारलं, यंत्र रजेवर गेलं तर प्रभारी कोण? मग त्यांनी कपाटातून लाल कापडाची फाइल काढली, टिपणी तिच्यात घातली, 'तारांकित प्रश्न – तत्काळ' असा शिक्का मारला आणि चपला काढून केबिनमध्ये गेले.

केसरीनाथ साहेब घाईघाईत निर्णय घेणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी टिपणी उलटून मागची कोरी बाजूही वाचली.

"सन्माननीय सदस्याचं नाव नाही यात."

"साळवेबाई म्हणतात, मीच विचारलाय."

"मग हा तारांकित प्रश्न नसावा."

"नसावा साहेब. पण असला तर?"

साहेब विचारात पडले. तारांकित नसलेल्या प्रश्नाला तारांकित समजलं तर कुणाची बदली झाल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. उलट झालं तर काय होतं याचा पुरावा चपला काढून समोर उभा होता. त्यांनी लिहिलं: "तारांकित समजून कार्यवाही करावी."

आता तारांकित प्रश्नाला ठरलेला नमुना असतो. भोईरांनी मंदाच्या चार ओळी त्या नमुन्यात बसवल्या:

(१) पडघा हे गाव तारांकित आहे, हे खरे आहे काय? — होय.
(२) असल्यास, अंजूर प्रश्नांकित असण्याची कारणे काय? — माहिती मागवण्यात येत आहे.
(३) मानकोलीस कोणतेही चिन्ह देण्यात आलेले नाही, हे खरे आहे काय? — हे अंशतः खरे आहे.
(४) आस्थापनेस तारा कोणाच्या आदेशाने लावण्यात आला? — चौकशी चालू आहे.

माहिती मागवण्यात येत आहे असं लिहिल्यावर ती मागवावी लागते. गावांना पत्रं गेली. आणि ज्या गोष्टीचा गावांना आयुष्यात कधी पत्ता लागायचं कारण नव्हतं, ती आठ दिवसांत सर्वांना कळली: सरकार गावांना चिन्हं वाटतंय आणि पडघ्याला तारा मिळाला.

अंजूरहून दोन रिक्षा भरून शिष्टमंडळ आलं. पुढारी दाजी नावाचे सत्तरीचे गृहस्थ होते. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी मंदाच्या टेबलावर आपटला.

"पडघ्याला तारा न आमाला प्रश्नचिन्ह? आमचे गावाचा कनचा प्रश्न हाय, सांग ना!"

"दाजी, प्रश्नचिन्ह वाईट नसतं. उलट तुमची पाचही वर्षं त्यात नीट बसतात."

"पोरी, उद्या पडघ्यावाले लग्नपत्रिकेवर तारा छापतील. आमी काय छापू? अंजूर, न म्होरं प्रश्नचिन्ह? आमचे पोरांना पोरी कोन देल?"

दाजींच्या मागून मानकोलीच्या जानकीबाई पुढे आल्या. त्या एकट्याच आल्या होत्या, पण जागा शिष्टमंडळाएवढी व्यापत होत्या. "यांना प्रश्नचिन्ह तरी हाय! आमाला कायच न्हाय. निस्तं नाव. निस्तं नाव त मेलेल्या मानसाचं पन ऱ्हाते."

तेवढ्यात खालच्या लूमचे अन्सारीशेठ जिना चढून आले. "बाजी, सुना है स्टार मिल रहा है? हमारे कारखाने पे पाँच लगा दो. बोर्ड पेंट होने को गया है."

मंदाने प्रत्येकाला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि तारा म्हणजे काय ते कागदावर काढून दाखवलं. दाजींना तर तिने तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा दाजी म्हणाले, "समाजलं, बाय. आता तारा दे."

प्रकरण केबिनमध्ये गेलं. साहेबांनी सर्वांना चपला काढायला लावल्या, त्यामुळे आवाज जरा कमी झाला. मग त्यांनी निर्णय जाहीर केला: सर्व गावांना समान न्यायाने प्रत्येकी एक तारा. आणि तो नावाच्या शेवटी नव्हे, पुढे. 'श्री' आपण कधी नावाच्या शेवटी लावतो काय?

शिष्टमंडळांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनी मंदाच्या डोक्यावर हात ठेवला. प्रत्येक गावाला तारा मिळाल्याचं प्रमाणपत्र सही-शिक्क्यासह जागीच देण्यात आलं. अन्सारीशेठना मात्र, ते गाव नसल्यामुळे, नकार कळवण्यात आला.

सगळे गेल्यावर मंदा म्हणाली, "साहेब, तारा पुढे लावला की यंत्र त्याच्यानंतरचं वाचतच नाही. 'तारा-अंजूर' आणि 'तारा-मानकोली' दोन्हींचा अर्थ एकच होतो. सगळं."

"साळवेबाई, मान मिळाल्यावर पुढचं कुणीच वाचत नसतं."

"पण सगळं टेपवर मावत नाही."

"मावेल तेवढं घ्या. सरकार कुठे सगळ्यांना मावतं?" साहेबांनी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. "हे आधी सांगा. आस्थापनेला तारा. या खणात कोण आहे?"

"मी आहे, साहेब."

"म्हणजे रोजंदारी कर्मचाऱ्याने स्वतःच स्वतःला तारा लावून घेतला."

"खणाचं नाव 'आस्थारोज' आहे. तारा काढला तर यंत्र 'आस्था' नावाचा खण शोधत बसेल, आणि तसा खणच नाही."

"तुमची आस्था खरी असेल तर सापडेल," साहेब म्हणाले आणि लाल शाईने तारा खोडला.

मंदाने विनंती केली की मग पूर्ण नाव लिहू द्या, आस्थारोज, चिन्ह नको, मान नको. साहेबांनी समजावलं की तारांकित प्रश्नाच्या मंजूर मसुद्यात अक्षर वाढवायचं तर नवा मसुदा लागतो, आणि नव्या मसुद्याला अधिवेशन संपेपर्यंत थांबावं लागतं. अधिवेशन एप्रिलमध्ये संपणार होतं. टेप ३१ मार्चपूर्वी जायची होती. यात कुणाचाच दोष नव्हता.

निदान हुकूम टाइप करणारी आपण आहोत, तेव्हा पाहून घेऊ, असं मंदाच्या मनात होतं. ते भोईरांच्याही मनात आलं असावं. तारांकित प्रश्नाचं उत्तर रोजंदारी माणसाच्या हातून जाणं नियमात बसत नाही म्हणून २२ मार्चला दुपारी दोन वाजता ते स्वतः यंत्रापुढे बसले. उजव्या हाताच्या एका बोटाने, प्रत्येक अक्षर आधी मोठ्याने वाचून, त्यांनी मंजूर मसुदा यंत्रात उतरवला. काळ्या तारेतून हुकूम केबिनमधल्या मोठ्या यंत्राकडे गेला आणि टेप फिरू लागली.

टेपने सुरुवातीपासून सगळं उचलायला घेतलं. आधी यंत्राचं स्वतःचं सामान. मग साहेबांचा पत्त्यांचा खेळ, जो यंत्रात मंदाच्या आधीपासून होता. मग पडघानाका, आणि पडघारोडचा निम्मा रस्ता. तिथे टेप संपली. मग पडद्यावर ओळ आली की 'आस्था' आढळली नाही. भोईरांनी नोंदवहीत लिहून घेतलं: "आस्थापनेत आस्था आढळून आली नाही."

"टेप भरली का?" साहेबांनी आतून विचारलं.

"काठोकाठ, साहेब."

"उत्तम. आता मूळ काढून टाका."

मंदाला वाटलं, लूमच्या आवाजात आपण चुकीचं ऐकलं. "काय काढून?"

"मूळ," भोईर म्हणाले. "एकच नोंद इथेही आणि टेपवरही, म्हणजे दुबार नोंद झाली. दुबार नोंदीवर लेखापरीक्षणात आक्षेप येतो. पक्की प्रत झाली की कच्ची फाडायची, हे मी तुमच्या जन्माआधीपासून करतोय."

"भोईरभाऊ, टेपवर निम्मंच गेलंय. अंजूर नाही, मानकोली नाही. माझी हजेरी तर औषधालाही नाही. पुसलंत तर माझी सहा वर्षं जातील."

"तुमची सहा वर्षं कुठे जाणार, साळवेबाई?" भोईर खरोखर मायेने म्हणाले. "तुम्ही इथेच तर उभ्या आहात."

आणि त्यांनी पुसण्याचा हुकूम दिला. गावांची नावं लिहीत बसण्यापेक्षा आता त्यांना सोपा मार्ग कळला होता. त्यांनी नुसता तारा दाबला.

यंत्र लगेच काही करेना. पडद्यावर एक ओळ उमटली: *सर्व काही पुसले जाईल. खात्री आहे काय? (हो / ना)*

भोईर ताडकन उभे राहिले आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. वर तारा होता. खाली प्रश्न होता. सव्वीस वर्षांत त्यांनी तारांकित प्रश्न नेहमी कागदावर, तीन-चार कार्यालयांचे शिक्के खाऊन आलेला पाहिला होता. असा थेट, ताजा, डोळ्यांदेखत विचारला गेलेला कधी पाहिला नव्हता.

"साहेब! आला!"

साहेब केबिनमधून अनवाणी धावत आले. मंदाने कळफलकावर दोन्ही हात पालथे घातले.

"साहेब, 'ना' म्हणा. एवढं एकच अक्षर. 'ना' म्हटलं तर सगळं आहे तसं राहतं. मी पाया पडते."

"बाई, प्रश्न नीट वाचा. 'खात्री आहे काय?'" साहेबांचा स्वर शाळेतल्या गुरुजींसारखा झाला. "आपल्याला खात्री नाही, असं सरकारी कार्यालयाने आजवर कधी लिहून दिलंय?"

मंदाने आठवून पाहिलं. नव्हतं दिलं.

"हात काढा," साहेब म्हणाले. "उत्तराला उशीर होतोय."

भोईरांनी मोखाड्याची आठवण काढून 'हो' दाबलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. सगळ्या गावांचे सगळे यंत्रमाग आणि एका माणसाची सहा वर्षं मिळून चार सेकंदांत निकाली निघाली. त्या कार्यालयाच्या इतिहासात इतक्या जलद कुठलंच प्रकरण निकाली निघालं नव्हतं, आणि भोईरांनी तसं बोलूनही दाखवलं.

मंदा मात्र रडली नाही. तिला यंत्राची एक खोड ठाऊक होती. पुस म्हटलं तरी ते लगेच पुसत नाही. फक्त प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर काढतं, तिथे प्रश्नचिन्ह ठेवतं आणि ती जागा रिकामी समजतं. तिने दोन कळा दाबून दाखवल्या. पडद्यावर सगळी नावं आली: ?डघारोड, ?नकोली, ?स्थारोज. भिवंडी परिसरातल्या सर्व गावांना अखेर समान चिन्ह मिळालं होतं.

"पहिलं अक्षर परत दिलं की नोंद जशीच्या तशी जिवंत होते," ती म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता. माडीही थरथरत होती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. "एकच अक्षर, साहेब. 'आ'. दाबू?"

साहेब मागे सरले. "थांबा. अक्षर बदललं की नाव बदललं. नावात बदल म्हणजे अर्ज, प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात. सहा आठवडे धरा."

"सहा आठवडे यंत्रात कुणी काही लिहिलं नाही तरच ते टिकेल. नवीन मजकूर आला की यंत्र तो रिकाम्या जागेत ठेवतं. म्हणजे जुन्याच्या डोक्यावर."

"मान्य," साहेब म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. "भोईर, काही घडलेलं नाही असा एक खुलासा टाइपरायटरवर काढा. आणि राजपत्र निघेपर्यंत या यंत्रात कुणीही काहीही लिहू नये, असं कडक परिपत्रक काढा."

मंदाने सुटकेचा श्वास सोडला. खुलाशाला जावक क्रमांक पडला. मंदा टिपणी लाल फाइलीत परत ठेवून वळते तोवर भोईर पुन्हा यंत्रापुढे बसले होते आणि एका बोटाने, मोठ्याने वाचत, लिहीत होते: "विषय... संगणकात... काहीही... न लिहिण्याबाबत."

"भोईरभाऊ, नका! हाताने लिहा!"

"हाताने लिहिलेलं किंवा टाइप केलेलं परिपत्रक संगणकीकृत कार्यालयात चालत नाही, बाई," भोईर म्हणाले आणि परिपत्रक यंत्रात जतन केलं.

मंदाने पुन्हा दोन कळा दाबल्या. ?डघारोड होतं. ?नकोली होतं. ?स्थारोज नव्हतं. जिथे १९८७ ते १९९४ होतं तिथे आता दीड पानाची मनाई होती. छपाईयंत्राला रिबन नसल्याने परिपत्रक छापता आलं नाही. ते यंत्रातच राहिलं. वाचायचं तर यंत्र उघडावं लागे, आणि पुढच्याच आठवड्यात साहेबांनी परिपत्रकाच्या आधारे यंत्र उघडण्यावर बंदी घातली. त्यामुळे गावंही कायमची प्रश्नचिन्हाखाली राहिली. पण त्यांच्या भिंतीवर ताऱ्याची प्रमाणपत्रं लागली होती, तेव्हा तक्रार कुणाची आली नाही.

एप्रिलमध्ये ठाण्याहून पत्र आलं की टेपवर मंदा साळवे नावाची कर्मचारी नाही. साहेबांना हे वाचून एक प्रकारे हायसं वाटलं. नोंदी गेल्या असं सांगणारी एकच व्यक्ती होती, आणि ती व्यक्तीच नसल्यामुळे नोंदी गेल्याचं सांगणारं कुणी उरलं नव्हतं. तरीही नियमात एक फट होती: कार्यालयाबाहेरच्या दोघा जणांनी, आपण हिला इथे काम करताना पाहिलं आहे, असं लिहून दिल्यास विचार करता येईल. कार्यालयातले देऊ शकत नव्हते. त्यांच्या सह्या खुलाशावर होत्या.

मंदा अंजूरला गेली. दाजींनी तिला ओटीवर बसवलं, आग्रहाने भाकरी आणि सुकी मासळी खायला लावली.

"दाजी, मी तुम्हाला तीनदा समजावलं होतं. आठवतं?"

"आठवतंय ना! प्रश्नचिन्हाचे जागी एक अक्षर. पर लिवून देता येनार न्हाय, पोरी. तू व्हतीस असं लिवलं की यंत्र पुसलं असं व्हते. यंत्र पुसलं त आमचा तारा जाते. गावाचा तारा एकट्याचे सहीनं कसा घालवू?"

मानकोलीला जानकीबाईंनी तिला आत घेतलं, चहा दिला, बशी पुसून दिली, आईची तब्येत विचारली. मग कागद पुढे आल्यावर त्यांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "बाय, तू कोनाची गं?"

घरी कौसल्याबाईंनी आता काही विचारणं सोडलं आहे. आल्यावर पाण्याचा तांब्या तेवढा पुढे करतात. मंदा अजून रोज अकराच्या आत कार्यालयात जाते, कारण यंत्र बंद असलं तरी त्याचं दुसऱ्या कुणाला काही येत नाही. नोंदच नसल्यामुळे तिला हजर मांडता येत नाही, गैरहजरही मांडता येत नाही. तिने हाताने लिहिलेला एक अर्ज सध्या भोईरांच्या टेबलावर आहे आणि माडीच्या थरथरीने हळूहळू कडेकडे सरकतो आहे. तो असा:

प्रति,
सदर मजकुराचे वाचक,
जिथे असतील तिथे.

विषय: नावातील पहिले अक्षर परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

आपण वरील मजकूर इथपर्यंत वाचलेला असल्याने, मला सदर कार्यालयात काम करताना पाहिलेल्या, कार्यालयाबाहेरच्या आणि ज्यांना अद्याप कोणताही तारा मिळालेला नाही अशा व्यक्ती तूर्त आपणच आहात. तरी आपण कोणत्याही कामाच्या दिवशी, स्वखर्चाने, ओळखीच्या दोन पुराव्यांसह भिवंडी येथे समक्ष येऊन "मी हिला पाहिले आहे" इतकेच लिहून द्यावे. दुसरे कोणीतरी जाईल असे आपल्या मनात आल्यास कृपया नोंद घ्यावी की, दुसऱ्याच्याही मनात तेच आले आहे. आपण येणार नाही याची कार्यालयास खात्री आहे काय, असे मी विचारले असता उत्तर 'होय' असे मिळाले आहे.

तरी माझे अक्षर मला परत देण्याची कृपा व्हावी, ही विनंती.

आपली,
?दा साळवे